कागदावरची खाण

जिंतूर–परभणी रस्त्यावर बोरीच्या थांब्यापाशी सकाळी चहाला बसले की कानावर पडणारे विषय ठरलेले असतात: कापसाचा भाव, येलदरीत पाणी किती, सोयाबीनवर कोणती कीड. गेल्या काही वर्षांत त्यात दोन नव्या विषयांची भर पडली आहे. पहिला टिप्परचा. कोणाच्या मुलाने फायनान्सवर घेतला, कोणाचा तहसीलमध्ये उभा आहे, कोणाचा कंपनीवाल्यांनी ओढून नेला. दुसरा विषय मोबाईलवरचा. कोणत्या तरी सोन्याच्या, लिथियमच्या, नाहीतर 'रेअर अर्थ'च्या कंपनीचा शेअर आज आठ रुपयांना आहे, वर्षात ऐंशी होणार, असा निरोप ग्रुपवर फिरतो आणि दोघे-तिघे त्यात कापसाच्या पट्टीतले पैसे टाकतात.

बोलणाऱ्यांना हे दोन विषय वेगळे वाटतात. माझ्या मते तो एकच धंदा आहे. जमिनीखाली काय आहे ते नक्की माहीत नाही, काढायची परवानगी दुसऱ्याच्या हातात, विकण्याचा भाव तिसऱ्याच्या हातात, आणि पैसा मात्र आधी आपला. इंग्रजी जगात याच्या मोठ्या रूपाला 'ज्युनिअर मायनिंग' म्हणतात, म्हणजे धाकट्या कंपन्यांचा खनिज-व्यवहार. आपल्याकडच्या धाकट्या रूपाला कायद्यानेच 'गौण खनिज' असे नाव दिले आहे. नाव गौण असले तरी त्यात बुडालेले पैसे गौण नसतात.

बोरीत खाण नाही, हे आधीच सांगून टाकतो. परभणी जिल्हा दख्खनच्या काळ्या दगडावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि जुने खडक त्याखाली गाडले गेले. सोने, तांबे, लोखंड ज्या खडकांत सापडते ते खडक आपल्या पायाखाली असतीलही, पण या बेसाल्टच्या जाड गोधडीखाली. म्हणून आपल्याकडे खनिज म्हणजे वाळू, मुरूम, खडी आणि वीटभट्टीची माती. वाळूसाठी पूर्णा, दुधना, गोदावरी. खडीसाठी माळरानावरचे क्रशर. बाकी जे काही ते टीव्हीवर आणि मोबाईलवर.

आधी मोठ्या रूपाकडे पाहू, कारण त्याचे गणित उघडे आहे. ज्युनिअर कंपनीकडे खाण नसते. तिच्याकडे असतो शोध घेण्याचा हक्क, दोन-चार भूवैज्ञानिक, भाड्याचे ड्रिलिंग मशीन आणि गुंतवणूकदारांना दाखवायचा नकाशा. भारतात या शोधाच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. जी-४ म्हणजे वरवरची पाहणी, मग जी-३, जी-२ आणि शेवटी जी-१ म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर भोके पाडून केलेला सविस्तर तपास. वरच्या पायरीवर सुरू झालेल्या शंभर जागांपैकी खालच्या पायरीपर्यंत पोहोचतात त्या मोजक्या, आणि त्यांतल्याही फार थोड्यांची खाण होते. या साऱ्या काळात कंपनीची विक्री शून्य असते. खर्च मात्र रोजचा. तो भागवायला कंपनी नवे शेअर काढते, आणि प्रत्येक वेळी आधीच्या भागधारकाचा हिस्सा बारीक होतो. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आजोबांची वीस एकर, चुलत्यांत वाटली, मग भावांत वाटली, आता पोराच्या नावावर पावणेदोन एकर. जमीन तेवढीच राहिली, वाटेकरी वाढले. फरक एवढाच की शेतात वाटणी घरात बसून होते, शेअरमध्ये ती आपल्याला न विचारता होते.

म्हणजे चांगला खडक सापडला तरी पहिल्या दिवशी पैसे टाकणाऱ्याचा फायदा होईलच असे नाही. याचे सगळ्यांत जवळचे उदाहरण शोधायला कॅनडाला जायची गरज नाही. ते आपल्याच जुन्या राज्यातले आहे.

१८८६ साली परभणी निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षी जानेवारीत निजाम सरकारने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोघा इंग्रजांना साऱ्या मुलखातले खनिज शोधण्याचा आणि पुढे ९९ वर्षांच्या पट्ट्याने काढण्याचा हक्क दिला. म्हणजे पूर्णाकाठच्या शेतांखाली जे असेल-नसेल तेही त्या कागदात गेले. इथल्या कोणाला त्याचा पत्ताही नसणार. तो कागद घेऊन लंडनमध्ये 'हैदराबाद डेक्कन कंपनी' उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंडांचे दाखवले, पण त्यातला बहुतेक हिस्सा प्रवर्तकांनी हक्काच्या बदल्यात, एक पैसाही न भरता, स्वतःच्या नावावर घेतला. प्रत्यक्ष खोदायला जमा झालेली रक्कम त्यामानाने किरकोळ. पुढचा प्रकार आणखी विलक्षण. निजामाचा गृहसचिव अब्दुल हक याचा या सौद्यात स्वतःचा वाटा होता, आणि त्याच्याच मध्यस्थीने दहा पौंडांचे शेअर बारा पौंडांच्या भावाने खुद्द निजाम सरकारच्या गळ्यात मारले गेले. ज्या सरकारने हक्क दिला, तेच सरकार त्या हक्काचे शेअर चढ्या भावाने विकत घेत होते. १८८८ मध्ये हे उघडकीस आले आणि ब्रिटिश पार्लमेंटला या कंपनीवर चौकशी समिती नेमावी लागली.

आता गंमत पाहा. त्या कंपनीच्या हक्कातला कोळसा खोटा नव्हता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंगने येल्लंदूजवळ तो शोधला होता. १८८९ पासून तिथे खाण चालली, १९२० मध्ये तिची सिंगरेनी कॉलिअरीज कंपनी झाली, आणि ती आजही तेलंगणात कोळसा काढते. म्हणजे माल खरा होता. तरीही वरच्यांनी पहिल्या दिवशीच मलई काढून घेतली. खनिज खरे की खोटे, एवढ्या एकाच प्रश्नावर गुंतवणूक करणाऱ्याने ही कहाणी खिशात ठेवावी. निजामाच्याच राज्यात, रायचूरकडे, १९४७ मध्ये 'हैदराबाद गोल्ड माइन्स' निघाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तिची हट्टी गोल्ड माइन्स झाली आणि ती आजही कर्नाटक सरकारच्या ताब्यात सोने काढते. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात गेला, सोने कर्नाटकात गेले. त्याचा हिशेब आता कोणी मांडत नाही.

सिंगरेनीच्या उलट उदाहरण ब्रे-एक्सचे. कॅनडातल्या कॅलगरीची ही धाकटी कंपनी इंडोनेशियात बोर्निओच्या जंगलात बुसांग नावाच्या जागी सोने सापडल्याचे सांगत होती. आधी लाखांत, मग कोट्यवधी औंसांत. काही पैशांचा शेअर वाढत वाढत, शेअर-विभाजनाच्या आधीच्या हिशेबाने, २८० डॉलरच्या वर गेला. कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात पोहोचली. कॅनडातल्या शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या निवृत्ती निधींनीही त्यात पैसा घातला होता. मार्च १९९७ मध्ये मोठ्या फ्रीपोर्ट कंपनीने शेजारी स्वतःची भोके पाडली तेव्हा सोने सापडेना. त्याच सुमारास कंपनीचा तिथला मुख्य भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला: नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळलेले होते. काही कण तर नदीतल्या सोन्याचे, कडा घासून गोल झालेले. खडकातून काढलेल्या सोन्याच्या कडा अशा गोल नसतात.

इथे माझे लक्ष नेहमी त्या गोल कडांवर थांबते. सगळा जागतिक घोटाळा एका भिंगाखाली उघडा पडू शकत होता. पण ते भिंग लावायचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांचा पगार त्याच कंपनीतून निघत होता. यानंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम घातला की साठ्याचा आकडा जाहीर करताना पात्र व्यक्तीची सही हवी आणि पद्धत ठरलेली हवी. ऑस्ट्रेलियाचा तसाच नियम आधीपासून होता, कारण त्यांना त्यांचा धडा पंचवीस वर्षे आधीच मिळाला होता. १९६९-७० मध्ये पोसायडन नावाच्या कंपनीचा निकेलचा शेअर ८० सेंटवरून २८० डॉलरवर गेला आणि नंतर कोसळला. तिथले निकेल अगदीच खोटे नव्हते, खाण पुढे सुरूही झाली. पण २८० ला घेणाऱ्याच्या हाती काय आले असेल, याची कल्पना करायला खाणतज्ज्ञ असावे लागत नाही.

भारतात ज्युनिअर कंपन्या मोजक्याच, आणि त्यांची जोखीम मुख्यतः कायद्यातून येते. २०१५ पर्यंत पद्धत होती की आधी शोधेल त्याला आधी पट्टा. जानेवारी २०१५ च्या दुरुस्तीने सगळे लिलावात गेले. जुन्या शोधकांना एक खिडकी ठेवली होती: ज्यांनी शोध घेतला आहे त्यांचा पट्ट्याचा हक्क टिकेल. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने ती खिडकीही बंद झाली. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सला हा फटका प्रत्यक्ष बसला. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणाजूर इथे तिने सोन्याचा साठा शोधून काढला होता आणि पट्ट्यासाठी अर्जही केला होता. कायदा बदलला आणि अर्ज गेला. दहा-पंधरा वर्षांचे काम संसदेच्या एका कलमाने पुसले गेले. खडक तिथेच राहिला. आंध्रमधल्या जोन्नागिरीत याच समूहाशी जोडलेल्या जिओमैसूर कंपनीला २०१३ मध्ये खाणपट्टा मिळाला, तरी प्रत्यक्ष उत्पादन गाठायला दशकाहून जास्त काळ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने २९ खनिजांसाठी 'अन्वेषण परवाना' आणला. शोध घेणाऱ्याने शोधावे, आणि पुढे त्या जागेचा लिलाव झाला की मिळणाऱ्या रकमेतून त्याला वाटा मिळावा, अशी योजना. कागदावर ती चांगली दिसते. पण शोधणाऱ्याचे पैसे परत यायला आधी लिलाव व्हायला हवा, लिलाव घेणाऱ्याने खाण सुरू करायला हवी, आणि तोपर्यंत कायदा तोच राहायला हवा. या तीन 'हवा'ची किंमत लावायला मी तयार नाही.

मोबाईलवर आठ रुपयांचा शेअर पाहणाऱ्या पोराला हे सगळे सांगायला गेलो तर तो म्हणतो, काका, तुम्ही फार उशीर लावता. बरोबर आहे त्याचे. शेअरच्या भावाला खाणीशी देणेघेणे नसते, तोपर्यंत तो बरोबरच असतो.

आता आपल्या नदीकडे येऊ. वाळूचा घाट हे ज्युनिअर खाणीचे अगदी घरगुती रूप आहे. फरक असा की इथे शेअर नसतो, भागीदारी असते, आणि ती बहुतेकदा तोंडी असते. लिलावात घाट एकाच्या नावावर सुटतो. त्याच्या मागे चार-पाच जण पैसा लावून असतात: कोणी जमीन गहाण ठेवून, कोणी बायकोच्या दागिन्यांवर, कोणी व्याजाने. वाळू किती निघेल याचा अंदाज सर्वेक्षणातून येतो आणि पूर कोणत्या बाजूने जाईल यावर बदलतो. वर येलदरी, जायकवाडी, निम्न दुधना यांसारखी धरणे झाल्यापासून खाली नवी वाळू पूर्वीइतकी येत नाही. जुनाच साठा उपसला जातो. म्हणजे घाट दरवर्षी थोडा खोल जातो आणि पुढच्या वर्षाची बोली लावणारा दरवर्षी थोडा जास्त अंदाजाने खेळतो.

मात्र अंदाज चुकणे ही इथली खरी जोखीम नाही. खरी जोखीम कागद आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितले की पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी हवी. त्यानंतर मंजुरी, जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल, ग्रामसभा, ई-लिलाव, वाहनावर जीपीएस, ऑनलाइन वाहतूक पास अशी एकावर एक पायरी आली. यातली कोणतीही पायरी मी चुकीची म्हणणार नाही. नदीची अवस्था पाहिली तर यातली एकही जास्त नाही. पण धोरण इतक्या वेळा बदलले की माणसाला डोके धरून बसावे लागले. २०१९ मध्ये एक, जानेवारी २०२२ मध्ये दुसरे. एप्रिल २०२३ मध्ये तर लिलावच बंद: शासन स्वतः डेपो काढणार, ग्राहकाला ६०० रुपये ब्रासने वाळू देणार, वाहतूक वेगळी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बाजारात त्याच ब्रासचे कितीतरी पट पैसे मोजणाऱ्यांना हे ऐकून आनंद झाला. पण डेपो चालवायला पुरेशी माणसे पुढे आली नाहीत आणि वाळू पुन्हा रात्रीच फिरू लागली. ८ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले. डेपो गुंडाळले, ई-लिलाव परत आला, घरकुलांसाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत ठरली. सहा वर्षांत चार धोरणे. टिप्परचे कर्ज पाच वर्षांचे असते.

हाच आकडा मला सगळ्यांत जास्त सतावतो, म्हणून तो हिशेबाने मांडतो. समजा पोराने २८ लाखांचे कर्ज काढले, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता बसतो महिन्याला साधारण ६१ हजार. पाच वर्षांत परत द्यायचे सुमारे साडेछत्तीस लाख. आता १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून वाळू काढायला बंदी असते. हे ११३ दिवस होतात, म्हणजे जवळजवळ चार हप्ते. घाट चालू असो-नसो, ते भरायचेच. त्यात लिलाव लांबला, मंजुरी अडकली, कोणी हरित न्यायाधिकरणात गेले, तर हिवाळाही तसाच जातो. मग फोन येतो: रात्री फेरी मारतोस का? कायदेशीर कामाचा हप्ता भागवण्यासाठी बेकायदा फेरी, ही या धंद्याची सगळ्यांत जुनी कलाटणी आहे. ज्याला आपण वाळूमाफिया म्हणतो तो बऱ्याचदा वर कुठेतरी असतो. पकडला जातो तो हप्ता भरणारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८(७) कलमाखाली बाजारभावाच्या पाचपट दंड, ४८(८) खाली वाहन जप्त. शिवाय झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ मध्ये केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'वाळू तस्कर' हा शब्द पुढे घातला गेला, म्हणजे वर्षभरापर्यंत आत. तहसीलच्या आवारात उभा टिप्पर पावसाळ्यात गंजतो, टायर बसतात, बॅटरी जाते. हप्ता चालूच.

हे फक्त आपल्या जिल्ह्याचे नाही. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे तालुक्यांत हेच झाले, आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर झाले की एका पिढीच्या आठवणीत राहिले. चीनच्या मागणीने लोहखनिजाचा भाव चढला होता तेव्हा घराघरात ट्रक आला. बँकांनी दिला, पतसंस्थांनी दिला. मांडवी आणि जुवारीवर बार्जेस वाढल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पट्टे २००७ मध्येच संपले होते, आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून मार्ग मोकळा केला. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरणच रद्द केले आणि मार्चच्या मध्यात पुन्हा सगळे थांबले. या साऱ्या निकालांत पट्टेदारांची नावे आली, कंपन्यांची नावे आली. ट्रकवाल्यांची नावे कुठेच आली नाहीत. त्यांचा गुन्हाही नव्हता आणि पक्षही नव्हता. गोवा सरकारने त्यांच्यासाठी कर्जमाफीसारखी योजना काढली. पण ट्रक दारात उभा राहिला, आणि दारातल्या ट्रकला भाव कोण देणार? खाणींचे नवे लिलाव २०२२ च्या अखेरीस सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीकडे काम पुन्हा हलले. ज्यांचे ट्रक भंगारात गेले त्यांना तोवर बारा वर्षे झाली होती.

नोकरीची बाजू याहून वाईट आहे, आणि तिच्याबद्दल कमी लिहिले जाते, कारण पैसे बुडाले की माणूस बोलतो. छाती भरली की गप्प बसतो. २०२५ पर्यंत लागू असलेला १९५२ चा खाण कायदा मजुराला पुष्कळ संरक्षण देत असे: कामाचे तास, अपघाताची चौकशी, वैद्यकीय तपासणी. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात सूट होती. वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड, साधी माती यांचे उघडे खोदकाम सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नसतील आणि स्फोटके वापरत नसतील, तर कायद्याची बहुतेक कलमे तिथे लागू होत नसत. कायदा करताना हेतू चांगलाच असेल: गावच्या लहान खदानीला कोळशाच्या खाणीचे नियम कशाला? प्रत्यक्षात मात्र ती सूट म्हणजे घाटावर काम करणाऱ्या पोरांच्या हक्कांतले भोक झाली. सक्शन पंपाच्या तराफ्यावर रात्रभर उभे राहणारा, केणीने वाळू ओढणारा, ट्रॉली भरून देणारा, यांच्या अपघाताची नोंद खाणीचा अपघात म्हणून होत नसे. बुडाला तर 'आकस्मिक मृत्यू'. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात, पुलाच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. रात्री आलेल्या टिप्परने वाळू त्या शेडवरच ओतली. पाच जण त्याखाली गेले. त्यांचा वाळूच्या धंद्याशी संबंध एवढाच होता की ते वाळूच्या जवळ झोपले होते.

क्रशरवर धूळ. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका वाळूखडकापेक्षा कमी असते, म्हणून सिलिकोसिसचा धोका थोडा कमी, असे म्हणता येते. पण धूळ ती धूळच, आणि ती रोज आठ-दहा तास छातीत घेतलेल्या माणसाला पन्नाशीत धाप लागते ती कोणत्या खडकाची हे विचारायला डॉक्टरला वेळ नसतो. दगड फोडणे पिढ्यान्पिढ्या वडार समाजाचे काम. क्रशर आला आणि तेच लोक मशीनला दगड घालणारे मजूर झाले. मे २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचे धोरण आणले: रॉयल्टी ब्रासला ६०० ऐवजी २०० रुपये, प्रत्येक जिल्ह्यात ५० जणांना सवलती. नदीसाठी हे चांगले. पण याचा अर्थ टिप्परवाल्यांची गर्दी आता क्रशरकडे वळणार, आणि तिथे उधारीवर मशिनरी घेणाऱ्यांची नवी रांग लागणार. त्या रांगेतल्या पहिल्या चार जणांचे बरे होईल. पन्नासाव्याचे काय, हे मी सांगायची गरज नाही.

शिकलेल्यांची नोकरीही फार सुरक्षित नाही. नांदेडच्या विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग आहे. तिथून बाहेर पडलेली मुले शोध-कंपन्यांच्या शिबिरांत जातात, ओडिशात, छत्तीसगडमध्ये, राजस्थानात. काम कंत्राटी. ड्रिलिंगवाल्याचे पैसे खोदलेल्या मीटरवर. धाकट्या कंपनीला बाजारातून पैसा मिळेनासा झाला की आधी शिबिर बंद होते, मग पगार उशिरा होतो, मग फोन उचलला जात नाही. मोठ्या कंपनीत मंदी येते तेव्हा बोनस जातो, छोट्यात नोकरीच जाते. तरीही मी मुलांना जाऊ नका असे म्हणत नाही. रानात खडक वाचायला शिकलेला माणूस पुढे पाण्याच्या, रस्त्याच्या, धरणाच्या कामावरही उभा राहतो. फक्त कंपनीचे शेअर पगाराऐवजी घेऊ नका, एवढे म्हणतो. जोखीम एकदा नोकरीत घेतली की तीच जोखीम बचतीत घेणे म्हणजे एकाच विहिरीत दोन पाय.

पैसा घालायचाच असेल त्याने काय पाहावे? शेअरच्या बाबतीत पहिले पान नव्हे, शेवटची पाने. कंपनीच्या हातात रोख किती आहे आणि ती किती महिने पुरेल. गेल्या पाच वर्षांत शेअरची संख्या किती पटीने वाढली. साठ्याचा आकडा कोणत्या पायरीचा आहे, जी-४ चा की जी-१ चा. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर कोणत्या भावाला घेतले. आणि पट्टा हातात आहे की अजून अर्जच आहे. अब्दुल हकाच्या काळापासून या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे फारशी बदललेली नाहीत.

घाटाच्या बाबतीत भागीदारी कागदावर हवी, नोटरी केलेली. पर्यावरण मंजुरीची प्रत स्वतः वाचावी, त्यात किती ब्रासची परवानगी आहे ते पाहावे. बोलीत मांडलेल्या आकड्याशी ते जुळते का. घाट कोणाच्याही नावावर असो, खंडणी, दंड आणि पुराचा खर्च कोणी सोसायचा हे आधी ठरवावे. टिप्परबाबत माझे म्हणणे साधे आहे: वाळूवर टिप्पर घेऊ नये. मुरूम, खडी, रस्त्याचे काम, ऊस, बाजारातला माल, असे दुसरे काम वर्षातले किमान सहा महिने हाताशी असेल तरच घ्यावा. चार महिने उभा राहिला तरी हप्ता भरता येईल अशी शेती किंवा बचत मागे असावी. ती नसेल तर बँक कर्ज मंजूर करो की न करो, उत्तर नाही असेच आहे. बँकेचे पैसे परत येण्याची खात्री तिच्याकडे जप्तीच्या रूपात असते. आपल्याकडे नसते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतला मुलगा विचारायला आला होता. कर्जाची फाईल हातात, डोळ्यांत झोप नाही. मी त्याला तीन कागद आणायला सांगितले: घाटाची मंजुरी, लिलावाचा आदेश, आणि ज्याच्याकडे तो भाड्याने लावणार त्याचा करार. आणतो म्हणाला. जूनच्या दोन तारखेला सकाळी हॉर्न वाजला. दारात नवाकोरा टिप्पर, समोर लिंबू-मिरची, हुडावर फुटलेल्या नारळाचे पाणी, आणि खिडकीतून त्याची आई पेढे देत होती. कागद त्याने आणले नव्हते. घाट बंद व्हायला आठ दिवस उरले होते.